गोल न झालेल्या पेशी

प्रिय वैजू,

पत्राला उत्तर नाही, फोन उचलत नाही, म्हणून मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, मी ऐकत नाही.

काल माझ्या विद्यार्थिनीच्या, रेवतीच्या, स्लाइड्स बघितल्या आणि तुझीच आठवण झाली. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "मग?" म्हणेल. अगं, पेशी पसरलेल्या होत्या! यर्सिनिया जंतू घालून चांगला वेळ झालेला, आणि मॅक्रोफेज, त्या जंतू गिळणाऱ्या पेशी, आरामात हातपाय ताणून बसलेले. वर पोटात जंतू.

ती वापरते तो प्लेगचा जंतू नव्हे, आपलाच जुना स्यूडोट्युबरक्युलोसिस. पण प्लेगवाला निघाला त्याच्यापासूनच, आणि प्रथिनं टोचायची सुई दोघांकडे सारखी, त्याच सत्तर हजार अक्षरांच्या प्लास्मिडवर, त्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, लिहिलेली. सुईतून टोचल्या जाणाऱ्या योप प्रथिनांपैकी रेवतीने फक्त योप-एम उडवलंय. म्हणजे योप-ई आणि योप-एच शाबूत असायला हवेत. सुई लागली की योप-ई पेशीचा सांगाडा सांभाळणाऱ्या रो प्रथिनांना बंद करणार, योप-एच टायरोसिनवरचे फॉस्फेट छाटत सुटणार, अ‍ॅक्टिनचा सांगाडा ढासळणार, पेशी गोल होणार आणि गिळायचं विसरणार. एम असो वा नसो, हे व्हायलाच हवं. मी अख्खी स्लाइड पालथी घातली. एकही धड गोल नाही.

आणि बाईसाहेबांचा निष्कर्ष काय, तर योप-एम काढूनही आयएल-१ बीटा, म्हणजे दाहाचा संदेश, वाढत नाही, म्हणून पायरिनची, पेशीतल्या त्या पहारेकरी प्रथिनाची, गोष्ट या पेशींना लागू नाही. प्रकरण लिहून तयार आहे. आकृत्या सुंदर. खरं तर योप-ईने रो बंद पाडलं की पायरिनला तेवढ्यावरूनच घुसखोरीचा वास लागतो. योप-एम पेशीचीच कायनेज एन्झाइम्स हाताशी धरून पायरिनवर फॉस्फेट चढवत राहतो, म्हणून ते गप्प बसतं. एम काढलास की आरडाओरडा झाला पाहिजे. इथे शांतता आहे, कारण मुळात कुणी कुणाला टोचलेलंच नाही.

हसू नकोस. याच योप-एमला तू 'शोभेचं प्रथिन' म्हणायचीस, त्यात एन्झाइम नाही म्हणून. तुझा सगळा जीव योप-जेवर. 2006 मध्ये तो कायनेजवर अ‍ॅसिटिल चिकटवून त्यांना निकामी करतो असं छापून आलं, तेव्हा तू माझ्याकडून पार्टी उकळलीस. 2016 मध्ये एम आणि पायरिनचं नातं बाहेर आलं, त्याची माझी पार्टी अजून बाकी आहे. पुढे 2020 मध्ये पायरिनच्या बदललेल्या जनुकामुळे वारंवार ताप येणाऱ्यांच्या पेशी प्लेगच्या जंतूला जास्त जोराने उत्तर देतात हे आलं, तेव्हा "ताप घेऊ की प्लेग, एकदाच सांग" असं म्हणून तू फोन ठेवलास. हार मानायची ही तुझी जुनीच तऱ्हा.

तर माझी शंका तुला कळलीच असेल. प्लास्मिड गेलंय. ही पोरं फ्लास्क रात्रभर सदतीस अंशावर ठेवतात. सव्वीसवर वाढवा, मग वर न्या, हे घसा कोरडा होईपर्यंत सांगते. सदतीस अंश आणि त्यात कॅल्शियम कमी पडलं की प्लास्मिडवाला जंतू योप ओतत बसतो आणि त्याची वाढ थांबते. ज्याने प्लास्मिड टाकून दिलं तो मात्र फोफावतो, आणि सकाळी फ्लास्कमध्ये त्याचंच राज्य. अशा कल्चरमध्ये निःशस्त्र जंतूच जिंकतात. एकाच फ्लास्कचं असेल तर निभावेल. फ्रीझरमधला साठाच तसा निघाला तर तिचं सगळं काम गेलं, आणि ते तिला सांगायचं मी.

पद्माच्या वेळी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तू उठून बाहेर गेलीस, मी बसून राहिले, त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो! मला रेवतीचं तसं करायचं नाही. पण आडून सांगावं तर ती वाद घालते, आणि वाद छान घालते. थेट तुझ्या वळणावर गेली आहे.

काँगो रेड रंग घातलेली कमी कॅल्शियमची प्लेट सदतीसवर ठेवली की उत्तर मिळेल: प्लास्मिड असेल तर बारक्या लाल वसाहती, नसेल तर मोठ्या, फिकट. ती प्लेट मी गुपचूप लावू, की तिलाच लावायला सांगू? स्वतःच्या डोळ्यांनी फिकट वसाहती बघितल्या तर निदान माझ्याशी भांडणार नाही. पण मला आधी कळलं तर सांगायची थोडी तयारी करता येईल. दोन्ही बाजूंनी विचार करून झोप गेली आहे.

नवं घर लागलं का? मुलीच्या परीक्षेचं काय झालं? आईंना नमस्कार. सविस्तर पुढच्या पत्रात, नक्की.

आणि हो, आपण दोघींनी मिळून गोठवलेला मूळ साठा तुझ्याकडे अजून आहे ना? प्लास्मिड तपासून एक नळी रीतसर कागदपत्रांसह पाठव. रेवतीला काय सांगायचं ते ठरायच्या आधी ती माझ्या फ्रीझरमध्ये हवी.

तुझी,
मीरा