कचऱ्याबद्दल विचारलंत म्हणून

ब्रिस्टल, रविवार

ती. बाबा व आईस,

सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की सोसायटीच्या मीटिंगमध्ये कचऱ्याचा विषय आहे. सेक्रेटरी काकांनी "परदेशात बघा कसं असतं" हे पालुपद लावलंय, तर मी इथलं सगळं सविस्तर लिहून पाठवावं. पाठवते. फक्त मीटिंगमध्ये वाचणार असाल तर शेवटपर्यंत वाचा. काकांना सोयीचं तेवढंच वाचून खाली बसू नका.

आधी एक सांगते. इथले लोक जन्मतः शिस्तीचे वगैरे काही नाहीत. शनिवारी रात्रीनंतर बाजाराच्या रस्त्यावरून सकाळी चालून बघा. चिकनची हाडं, अर्धवट खाल्लेल्या चिप्सचे खोके, आणि त्यावर भांडणारे सीगल. समुद्र जवळ असल्यामुळे ते गावभर असतात आणि आपल्या कावळ्यांपेक्षा दुप्पट आगाऊ. त्यामुळे "तिकडची माणसंच वेगळी" हा मुद्दा काकांनी काढला तर तिथल्या तिथे खोडून काढा. वेगळी आहे ती व्यवस्था, आणि तीही पैशाच्या हिशोबातून आलेली.

घरात काय असतं ते सांगते. ओट्यावर एक छोटा झाकणाचा डबा, दिवसभराच्या खरकट्यासाठी. इथं त्याला कॅडी म्हणतात. दाराबाहेर तसाच मोठा तपकिरी डबा, 23 लिटरचा. रात्री ओटा आवरताना छोटा मोठ्यात रिकामा करायचा. मोठ्या डब्याची कडी पुढच्या बाजूला पाडून ठेवली की झाकण अडकून बसतं, बाहेरून नाक खुपसून उघडत नाही. ही सोय कोल्ह्यांसाठी. हो आई, खरेखुरे कोल्हे. रात्री अकरानंतर गल्लीतून आरामात हिंडतात, माणूस दिसला तरी घाई करत नाहीत. कडी मागे राहिली की सकाळी भाताची शितं आणि केळीची सालं फुटपाथभर.

तपकिरी डब्यात अन्न म्हणून जे काही असेल ते सगळं चालतं. शिळी पोळी, करपलेला भात, भाजीची देठं, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, मटणाची हाडं, माशाचे काटे. पातळ ओतायचं नाही, तळणीचं तेल तर नाहीच, आणि वेष्टनासकट काही टाकायचं नाही. बाकीचं वेगळं: हिरव्या खोक्यात पत्र्याचे डबे आणि प्लास्टिकच्या बाटल्या, काळ्या खोक्यात कागद आणि काच, निळ्या पिशवीत पुठ्ठे. यातलं काहीच नसलेलं ते चाकांच्या काळ्या बिनमध्ये. नारळाच्या करवंटीचं काय करायचं हे मात्र मला अजून कुणी छातीठोक सांगितलेलं नाही. आपल्यासारखी घरं डोळ्यांसमोर ठेवून कुणी यादी केली असेल असं वाटत नाही.

आता खरी मेख. तपकिरी डबा आणि खोकी दर आठवड्याला नेतात. काळं बिन दोन आठवड्यांतून एकदा. म्हणजे ज्यानं आळस करून कालची आमटी-भात काळ्या बिनमध्ये टाकला, त्यानं तो वास पंधरा दिवस सांभाळायचा. उन्हाळ्यात झाकण उघडलं की अळ्या. झाकण बंद होत नसेल इतकं भरलेलं बिन किंवा शेजारी ठेवलेल्या जादा पिशव्या बहुतेक ठिकाणी उचलतच नाहीत. पोस्टरं लावून, शाळेत चित्रकला स्पर्धा घेऊन जे झालं नसतं ते या वेळापत्रकानं केलंय. वेल्समध्ये कॉनवी नावाची कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, आहे, तिनं तर 2018 पासून काळं बिन चार आठवड्यांवर नेलं. लोकांनी आरडाओरडा केला, आणि मग आपोआप वर्गीकरण शिकले. सगळ्या वेल्सला 70 टक्के कचरा पुनर्वापरात जायलाच हवा असं कायदेशीर बंधन आहे. इंग्लंड त्या मानानं मागे. इथं 31 मार्च 2026 पर्यंत प्रत्येक घरातून दर आठवड्याला अन्नकचरा वेगळा घ्यायचा असा कायदा झाला, आणि त्यातही काही कौन्सिलांना जुन्या कंत्राटांमुळे पुढच्या तारखा मिळाल्या. आमच्या ब्रिस्टलला ही पद्धत कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे, म्हणून माझ्याकडे विचारायला आलात ते बरं केलंत.

कौन्सिलांना एवढा उत्साह कुठून आला? करातून. 1996 मध्ये सरकारनं खड्ड्यात पुरायच्या कचऱ्यावर कर बसवला आणि तो वाढवत नेला. आता तो टनामागे सव्वाशे पौंडांच्या वर आहे. ओला कचरा वजनाला भारी, त्यामुळे तो पुरणं म्हणजे पैसे पुरणंच. बाबा, तुम्ही जन्मभर खर्चाची टिपणं ठेवलीत, तुम्हाला हे लगेच पटेल.

अन्नकचरा पुढं जातो एव्हनमाउथला, बंदराजवळ. तिथं तो बंद टाक्यांमध्ये, हवा लागू न देता कुजवतात. गॅस निघतो तो शुद्ध करून गॅसच्या पाइपलाइनमध्ये सोडतात. उरलेला लगदा शेतात. हवा नसल्यामुळे हाडं-मांस चालतं, जे आपल्या गांडूळखताच्या खड्ड्यात घालून चालणार नाही. 2014 मध्ये त्या प्लांटवाल्यांनी बाथ शहराहून ब्रिस्टलच्या विमानतळापर्यंत एक बस चालवली होती या गॅसवर. अन्नकचऱ्याबरोबर मैलापाण्याचाही गॅस होता त्यात. आई, "शी" म्हणू नकोस. आपल्याकडे गोबरगॅसवर चहा केला की तो पवित्र, आणि इथं बस चालली की शी?

नियमांचा गोंधळही आहे, तो लपवत नाही. माझी ऑफिसातली मैत्रीण तासाभरावरच्या दुसऱ्या गावात राहते. तिच्याकडे अन्नाच्या डब्यात कुठलीही प्लास्टिकची पिशवी चालते, कारण प्लांटवरचं यंत्र पिशवी फाडून बाजूला काढतं. दुसरीकडे फक्त कुजणारी पिशवी, नाहीतर रद्दी. घर बदललं की नियम नव्यानं पाठ. मी रद्दी वापरते, आणि तीसुद्धा शोधावी लागते, कारण घरी पेपर येतच नाही. फुकटच्या जाहिरातींची चोपडी येतात ती गुळगुळीत कागदाची, त्यांनी पाणी शोषलं जात नाही. तुमच्याकडचा माळ्यावरचा गठ्ठा आठवला की जीव हळहळतो.

आणि एवढं सगळं असून ब्रिटनमधल्या घरांतून वर्षाला 60 लाख टनांच्या आसपास अन्न टाकलं जातं, त्यातलं बहुतेक खाण्याजोगं. सगळ्यात जास्त काय, तर बटाटे, ब्रेड आणि दूध. आई, तू असतीस तर ब्रेडचे उपमे करून गल्लीला वाटले असतेस. आपल्या ओल्या कचऱ्यात साली-देठंच जास्त, कारण आपण रोज चिरून शिजवतो. इथल्या शेजाऱ्यांच्या डब्यात अख्खी न उघडलेली सॅलडची पाकिटं. तेव्हा कमी टाकणं या बाबतीत आपण इथून शिकायचं काही नाही.

आता सोसायटीचं. तुम्ही म्हणालात की 'स्वच्छ'च्या, म्हणजे पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या सहकारी संस्थेच्या, मावशींना बंद करून एका कंत्राटदाराला द्यायचं घाटतंय. तो म्हणतो, वेगळा करायची कटकटच नको, सगळं एकाच ड्रममध्ये टाका, आम्ही पुढं वेगळं करतो. आणि काकांना ते "फॉरेनसारखं" वाटतंय. बाबा, याच्याइतकं फॉरेनच्या उलट दुसरं काही नाही! इथं सगळी यातायात चालते ती वस्तू एकमेकींत मिसळू नयेत म्हणूनच. नव्या नियमांत तर कागद-पुठ्ठासुद्धा बाटल्या-डब्यांपासून वेगळा घ्यायचा असा दंडक आहे, कारण बाटलीत राहिलेल्या घोटभर दुधानं कागदाची वाट लागते. एकदा वरणात भिजलेला पेपर पुढं जगातलं कुठलंच यंत्र कोरडा करून देत नाही. "पुढं वेगळं करतो" याचा अर्थ पुढं कुठंतरी ढीग करतो, एवढाच.

इथली गाडी येते तेव्हा माणूस पळत पळत खोकी उचलतो, वस्तू गाडीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत टाकतो, खोकं फेकल्यासारखं ठेवतो आणि पुढच्या दाराला. चुकीची वस्तू असेल तर ती खोक्यात तशीच राहते. सकाळी सहाच्या आत बाहेर ठेवलं नाही, तर आठवडाभर घरात. जिना चढून वर येणं, बेल वाजवणं, "ताई, डायपर वेगळा द्या" म्हणणं, हे इथं लॉर्ड असलात तरी मिळणार नाही. आपल्याकडे मावशी रोज चार मजले चढतात, ओला आपल्या डोळ्यांदेखत ड्रममध्ये रिकामा करतात, आणि सुका पोत्यात घेऊन नंतर खाली बसून त्याचे किती प्रकार करतात ते तुम्ही कधी पाहिलंय? मी मागच्या सुट्टीत पाहिलं. दुधाच्या पिशव्या एका बाजूला, जाड प्लास्टिक वेगळं, बाटलीचं बूच बाटलीपासून वेगळं, पुठ्ठा, पांढरा कागद, छापील कागद. बोटांनी चुरगाळून आवाजावरून ओळखत होत्या कुठलं प्लास्टिक. ब्रिस्टलच्या गाडीला एवढे कप्पे नाहीत.

आणि त्या भंगाराच्या विक्रीवर त्यांच्या घराचं अर्धंअधिक चालतं. महिन्याचे जे आपण देतो, ज्यावर दर वर्षी तळमजल्यावरचे काका वाद घालतात, तेवढ्यात कुणाचं घर चालत नाही. सगळं एका ड्रममध्ये गेलं की तो सुका कचरा मातीमोल. म्हणजे बाई कामावरून गेली, माल वाया गेला, आणि पैसे मात्र कंत्राटदाराला जास्तच. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या बरोबरीनं या बायकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली, त्यातून पुढं 'स्वच्छ' आली, महापालिकेशी करार झाला. एवढं मिळवायला त्यांना इतकी वर्षं लागली, आणि आपली सोसायटी ते एका ठरावात मोडणार?

काकांना अजून एक विचारा. तो ड्रम जाणार कुठं? नेमका पत्ता. वनाझला मेट्रोचा डेपो आहे ना, ती जागा म्हणजे आपला जुना कोथरूडचा कचरा डेपो. तुम्हीच सांगायचात, पौड रोडला वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायचो. आपल्या नाकासमोरून उठला आणि उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांच्या नाकासमोर गेला. तिथल्या लोकांच्या विहिरींचं पाणी नासलं, त्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा आपल्या कोपऱ्यावरचा कंटेनर ओसंडून वाहिला आणि आपण महापालिकेला शिव्या दिल्या. फुरसुंगीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. कंत्राटदार पत्ता सांगायला कांकू करत असेल तर त्यातच उत्तर आलं.

माझं म्हणणं विचारलंत तर असं. मावशींना ठेवा, आणि इथलं एकच काहीतरी उचलायचं असेल तर ते वेळापत्रक उचला. ओला रोज, सुका आठवड्यातून दोनदाच, आणि मिसळलेला असेल तर त्या दिवशी त्या घराचा उचलायचा नाही. हे मावशींनी एकटीनं म्हटलं तर लोक त्यांच्यावर ओरडतात. कमिटीनं लिहून नोटीस बोर्डावर लावलं की ओरडायला जागा राहत नाही. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, हे पुण्यात केव्हापासून सांगतायत. पेन प्रत्येकाच्या घरात आहे. आणि पार्किंगमागचा तो गांडूळखताचा खड्डा, ज्यात आता जुन्या सायकली आहेत, तो उघडा. चिलटं होतात ती पाणी जास्त आणि वाळकं कमी पडल्यामुळे. माळीबुवांना रोज पाचोळ्याचा एक थर द्यायला सांगा, पाचोळा नाहीतरी ते जाळतातच. असा खताचा प्रकल्प चालू असेल तर मिळकत करात 5 टक्के सवलत आहे, हे मीटिंगमध्ये अगदी आधी सांगा. मावशींचं नंतर. आपल्या सभासदांना मी ओळखते.

आई, तू पाठवलेला गोडा मसाला मिळाला, पाकीट कस्टमवाल्यांनी उघडून पुन्हा चिकटवलंय, वास पूर्ण शाबूत आहे. पिल्लूला सर्दी होती, आता बरा आहे, डब्याची कडी पुढं करण्याचं काम त्यानं स्वतःकडे घेतलंय आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. जावईबापू ठीक. थंडी अजून हटत नाही.

आजीला सा. न. बाबा, गुडघ्याचं दाखवून घ्या, मीटिंग झाली की लगेच.

तुमची,
मनू

ता. क. कंत्राटदाराच्या कोटेशनचा फोटो पाठवा. त्यात "विल्हेवाट" या ओळीखाली काय लिहिलंय ते मला बघायचंय.