ग्रामसभेत माईक कोणाच्या हाती?

महोदय,

घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचायला घेतली की मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत वातावरण तापतं. आमच्याकडे मागच्या सभेत माईकची ओढाताण झाली, टेबल उलथलं, सभेचं कामकाज नोंदवायचं प्रोसिडिंग बुक काखेत मारून ग्रामसेवक शाळेच्या खोलीत शिरले. मागे उभ्या बाया पोरं घेऊन घरी गेल्या. नंतर म्हणे ठराव मंजूर! सह्या दारोदार फिरून घेतल्या.

कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. गणपूर्तीला, म्हणजे सभेच्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी आकडा पुरतो. पण भांडणाच्या धाकाने सरळमार्गी माणूस फिरकतच नाही, मग उरतात दोन गट आणि त्यांची पोरं.

पोलीस बोलावणं हा शेवटचा उपाय. खाकी दिसली की गरीब माणूस आधी गप्प होतो. त्याऐवजी यादी आठवडाभर आधी चावडीवर लावा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील. माईक ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे ठेवा, प्रश्न चिठ्ठीवर घ्या, ठराव सभेतच वाचून दाखवा. पोलीस पाटलांना आधी कळवावं, पण त्यांनी बसावं लोकांत, सरपंचांच्या शेजारी नव्हे. महिलांची सभा आधी घेण्याची तरतूद आहेच. ती कागदावर उरकू नये. आणि सभा लग्नसराईत, भर दुपारी पत्र्याखाली ठेवून डोकी थंड राहतील अशी अपेक्षा कोणी करू नये.

– एक ग्रामस्थ, लातूर जिल्हा