हक्क विकण्याआधी: पुण्यातल्या मुलास पत्र

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोनवर सांगितलंस की तुझ्या जॉबवर्क चलनाच्या (दुसऱ्याकडे कामाला पाठवलेल्या मालाच्या पावत्यांच्या) सॉफ्टवेअरचे रिसेल राइट्स, म्हणजे पुढे विकण्याचे हक्क, मागणारा एक माणूस ऑनलाइन भेटलाय, एकरकमी पैसे देतोय आणि त्याला ‘मास्टर’ हक्क हवेत. तू खुशीत होतास, बाबाही खूश झाले. मी फार बोलले नाही, कारण व्यवहाराचं मला कागदावरच नीट सुचतं. शिवाय ज्या रजिस्टरांत माझी सगळी नोकरी गेली, त्याच कामासाठी तू हे बनवलंयस. त्यामुळे या गोष्टीत माझा जीव गुंतलाय. पत्र पूर्ण वाच आणि मगच त्याला उत्तर दे.

आधी तुझ्या मालाची किंमत कशात आहे ते बघ. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, निघतं आणि चलन करून मशिन शॉपला जातं. समज, ५० पंप बॉडी गेल्या. ४४ ओके होऊन परत आल्या. ३ मध्ये बोअर (भोक) मारल्यावर आतलं ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, उघडं पडलं. तो दोष कास्टिंगचा, नुकसान फाउंड्रीचं. २ मध्ये ऑपरेटरच्या हातून बोअर ओव्हरसाइज झाला. तो दोष मशिनिंगचा, डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, शॉपवाल्यावर. आणि १ बॉडी अजून शॉपच्या कोपऱ्यातच पडून आहे. चलनावर कोणी घाईत ‘५ रिजेक्ट’ एवढंच लिहिलं, की महिनाअखेरीला दोन्हीकडचे लोक माझ्या टेबलापाशी येऊन भांडायचे. त्या पाचांपैकी कोणाचे किती, हे तेव्हा कोणालाच आठवत नसे.

वर जीएसटीचा नियम आहेच. जॉबवर्कला पाठवलेला माल एक वर्षाच्या आत परत आला पाहिजे, भांडवली वस्तू असेल तर तीन वर्षांत. नाही आला, तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरून कर लागतो. डाय, मोल्ड, जिग, फिक्श्चर या साच्या-साधनांना मात्र ती मुदत नाही. पाठवणाऱ्यानं या सगळ्याचं आयटीसी-०४ हे विवरणपत्र भरायचं, ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा.

तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये मटेरियल रिजेक्शन आणि मशिनिंग रिजेक्शन असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि चलनाला अकरा महिने झाले की ती ओळ लाल होते. एवढ्या दोन गोष्टींसाठी लोक पैसे मोजतायत. सगळ्या दुकानदारांना चालेल असं सॉफ्टवेअर करणाऱ्या मोठ्या कंपन्या खूप आहेत, त्यांच्याशी तुला झुंजायचं नाही. तुझं गिऱ्हाईक थोडं आहे, पण त्याला नेमकं हेच हवंय.

आता हक्कांचं. मी समजून घेतलं त्याप्रमाणे यात तीन प्रकार पडतात. साधा रिसेलचा हक्क दिलास, तर तो माणूस तुझं सॉफ्टवेअर विकू शकतो, पण त्याचं गिऱ्हाईक फक्त वापरू शकतं. मास्टर हक्क दिलास, तर तो विकण्याचा हक्कसुद्धा पुढे विकू शकतो, आणि तो घेणाराही आणखी पुढे. आणि प्रायव्हेट लेबलमध्ये तो तुझं नाव काढून स्वतःचं नाव लावू शकतो.

तुझ्या माणसाला मधला हवाय. तो दिल्यावर काय होईल ते सांगते. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत काढायला खर्च येत नाही. कास्टिंगचं तसं नसतं, त्यात पिग आयर्न, कोक, वीज, मजुरी असते, त्यामुळे एका भावाच्या खाली कोणी जाऊच शकत नाही. तुझ्या मालाला असा तळ नाही. तू ६००० ला विकतोस, तो ३००० ला विकेल, त्याच्याकडून हक्क घेतलेला ५०० ला, आणि शेवटी कोणीतरी दहा-बारा सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यात ते फुकट घालून देईल. मग तिसऱ्या गेटाजवळचा आपला शॉपवाला, ज्यानं तुझ्यावर विश्वास ठेवून पूर्ण पैसे दिले, तो मला रस्त्यात थांबवून विचारेल, ‘काकू, तुमच्या पोरानं आमच्याकडून जास्त का घेतले?’ त्याला मी काय सांगू? आणि एकदा सुटलेला मास्टर हक्क परत बोलावता येत नाही. तो कोणाकोणाकडे गेला याची यादीही तुझ्याकडे नसेल.

कायदा तुझ्या बाजूनं आहे, पण तू लिहून ठेवलंस तर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीतच धरलंय. त्याचा हक्क किंवा लायसन्स द्यायचं तर लेखी आणि सही करून द्यावं लागतं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतात. तुला पाच वर्षं द्यायचीच नसतील तर तसं लिहायला हवं. तोंडी ‘बघू पुढं’ म्हणून ठेवायचं नाही. किमान विक्रीची किंमत लिही. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, द्यायचा नाही, हे लिही. हक्क दुसऱ्याला देता येणार नाही, हे तर पहिल्या पानावर लिही. आणि तूच मला मागे सांगितलं होतंस की काही भाग फुकट मिळणाऱ्या लायब्ररींतून, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडमधून, घेतलेत. त्यांची लायसन्स एकदा नीट वाच. काहींमध्ये नुसतं मूळ नाव ठेवलं की झालं, पण जीपीएलसारखी असेल तर प्रोग्राम दुसऱ्याला देताना सोर्स कोडही देण्याची अट येते. ज्यावर आपला पूर्ण हक्क नाही त्याचा हक्क आपण कसा विकणार?

कमिशनवर विकण्याची तुझी कल्पना मला जास्त पटली, फक्त तिची बांधणी आपल्या भागासारखी कर. ऑनलाइन ही पद्धत लिंकवर चालते: लिंकवर क्लिक झालं की ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे कोणाच्या लिंकवरून आला त्याची खूण, बसते आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी झाली तर लिंकवाल्याला कमिशन. पण उद्यमबागेत किंवा मच्छेच्या शेडमध्ये सॉफ्टवेअर असं विकलं जात नाही. कर सल्लागार मालकाला चहा पिता पिता सांगतो, ‘ते चलनाचं एक घ्या की, बरं आहे.’ मालक चार दिवसांनी पुतण्याला सांगतो, पुतण्या स्वतःच्या मोबाईलवर शोधतो आणि पैसे तिसऱ्याच्या यूपीआयवरून जातात. कुकी कुठं राहिली? ज्यानं खरं विकलं त्याला काहीच मिळणार नाही आणि तो पुन्हा तुझं नाव घेणार नाही. म्हणून प्रत्येकाला एक छोटा कोड दे, फोनवर सांगता येईल असा. बिल करताना तो कोड विचारायचा. लिंक ज्याला हवी त्याला असू दे.

किती द्यायचं? तू ४० टक्के म्हणालास. तेवढं फक्त ज्याच्यामागे पुढं काही काम उरत नाही त्या मालाला परवडतं. तुझ्या मालामागे वर्षभर फोन आहेत. मी आकडे मांडून बघितले. ६००० वर २० टक्के म्हणजे १२०० जातील, पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्यावर कर, मग सर्व्हर, आणि तुझा वेळ. पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणावर १० टक्के दे, म्हणजे सांगणारा माणूस गिऱ्हाईक टिकवायलाही मदत करेल. कमिशन मूळ किमतीवर, जीएसटी धरून येणाऱ्या रकमेवर नाही, हे आधीच स्पष्ट कर. पैसे परत मागायची मुदत १५ दिवस ठेवलीस तर ती उलटल्यावरच कमिशन द्यायचं. दिलेलं कमिशन परत मागण्याइतकं वाईट दुसरं काही नाही, नाती तुटतात.

कराचंही बघून ठेव. सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, परराज्यात विकलं तरीही. नोंदणी झाली की १८ टक्के लागेल. तू पुण्याच्या पत्त्यावर नोंदणी केलीस, तर महाराष्ट्रातल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या बिलावर नऊ टक्के केंद्राचा आणि नऊ टक्के राज्याचा, आणि कर्नाटकातल्या तुझ्या स्वतःच्या गावाच्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांतल्या व्यवहाराचा कर. इथल्या पत्त्यावर केलीस तर उलटं. गिऱ्हाईकाला एकूण तेवढंच पडतं, पण चुकीच्या खात्यात भरलेला कर निस्तरताना मी लोकांचे हाल बघितलेत. कमिशनवरचा टीडीएस २०२४ च्या ऑक्टोबरपासून २ टक्के झालाय, आणि वर्षाला एका माणसाचं कमिशन २०००० च्या वर गेलं की लागतो. स्वतःच्या नावानं लहान धंदा आहे तोवर ती जबाबदारी तुझ्यावर येत नाही. मित्राबरोबर भागीदारी किंवा कंपनी केलीस की येते, तेव्हा पहिल्या दिवसापासून सगळ्यांचे पॅन घेऊन ठेव.

तुझा मित्र म्हणाला ना, आधी अडीच हजार भरून ‘पार्टनर’ व्हायचं आणि नवीन पार्टनर आणला की त्यातला वाटा मिळेल? त्याला स्पष्ट नाही सांग. माल विकल्याचं कमिशन वेगळं आणि माणूस जोडल्याचे पैसे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे, २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांतही पिरॅमिड योजना चालवायला मनाई आहे. आपल्या भागात अशा साखळ्यांत बायकांचे भिशीचे पैसे गेलेत. त्यांच्या घरी मी जाऊन बसलेय. तुझ्या नावाला तो वासही लागू देऊ नकोस.

आणि कमिशन घेणाऱ्यानं गिऱ्हाईकाला ते सांगितलं पाहिजे. ग्राहक संरक्षणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शिफारस करणाऱ्याचा हितसंबंध उघड करायला सांगितलंय. पण कायदा बाजूला ठेव. कर सल्लागारावर मालक डोळे मिटून विश्वास ठेवतो. ‘यात मला थोडं मिळतं, पण वस्तू चांगली आहे’ असं तो मोकळेपणानं म्हणाला तर काही बिघडत नाही. लपवलेलं मागाहून कळलं तर त्याचं नाव जातं आणि तुझंही.

आता मला सगळ्यात काळजी आहे ती फोनची. एप्रिलमध्ये २५ तारखेच्या आधीचे चार दिवस आठव. आयटीसी-०४ ची घाई, एखाद्या शॉपचं शिल्लक जुळत नाही, आणि कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी रडकुंडीला आलेली. ती मजगावची असेल तर मराठीत विचारेल, बैलहोंगलची असेल तर कन्नडमध्ये. पार्टीचं एकच नाव तिघांनी तीन तऱ्हेनं टाइप केलेलं असतं आणि शिल्लक तीन ठिकाणी विखुरलेली असते. तुला हे माहीत आहे, म्हणून तू पाच मिनिटांत सोडवतोस. ज्याला तू हक्क विकशील तो त्या दिवशी फोन उचलेल का? उचलला तर ब्लोहोल म्हणजे काय हे त्याला कळेल का? आणि उद्या त्यानं हा धंदा सोडून दुसरंच काही विकायला घेतलं, तर त्या शॉपची वर्षाची चलनं कोणाकडे राहणार? सगळं रजिस्टर गिऱ्हाईकाला स्वतः एक्सेलमध्ये काढून घेता आलंच पाहिजे. ते बटण आधी कर, बाकी सगळं नंतर.

म्हणून माझं म्हणणं असं. या माणसाला मास्टर हक्क देऊ नकोस, रक्कम दुप्पट केली तरी नाही. तो खरंच काम करणारा असेल तर त्याला एक प्रदेश दे. राजकोट, कोइमतूर इथंही फाउंड्र्या आणि मशिन शॉप आहेत, तिथली भाषा आपल्याला येत नाही आणि तिथं आपण पोचणारही नाही. तिथला माणूस असेल तर साधा रिसेलचा हक्क, दोन वर्षं, तेवढ्याच राज्यात, ठरलेल्या किमतीच्या खाली विकायचं नाही, आणि गिऱ्हाईकाचा पहिला फोन त्यानंच घ्यायचा. प्रत्येक विक्रीची ‘की’, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायचा कोड, तुझ्याकडूनच निघाली पाहिजे, म्हणजे कुठं किती विकलं ते तुला दिसेल. तो नाही म्हणाला तर जाऊ दे. बेळगाव, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एवढा पट्टाच अजून तू नीट फिरला नाहीस. कन्नडमधले लेबल पूर्ण कर. मी दोन मुलींना दाखवून शब्द तपासून घेईन, पुस्तकी कन्नड नको, शेडमध्ये बोलतात ते हवं.

पैशाची निकड असेल तर मला सरळ सांग. खोलीचं भाडं वाढलंय हे बाबांच्या बोलण्यातून कळलं. सहा महिने थोडे पैसे पाठवायला आम्हाला जड नाही, आणि त्या निकडीपायी तू सही करावीस असं मला वाटत नाही.

त्या माणसानं पाठवलेला मसुदा मला जसाच्या तसा पाठव, माझ्या ओळखीच्या वकीलबाईंना दाखवते. सोमवारपर्यंत त्याला ‘घरी विचारून सांगतो’ एवढंच कळव. गणपतीला येशील तेव्हा लॅपटॉप आण. दोन शॉपवाले भेटायचं म्हणतायत, त्यांना एकाच चलनातला माल दोन हप्त्यांत परत आला तर शिल्लक कशी दाखवायची ते विचारायचंय. जेवण वेळेवर घेत जा.

तुझी,
आई