तापाची वेळ चिठ्ठीवर हवी

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्या लॅबच्या बाकावर तापानं फणफणलेली लेकरं दिसू लागतात. मी कोल्हापुरात बावीस वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काम करतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हल्ली सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, जोडीला सीआरपी हमखास असतो, कधी प्रोकॅल्सिटोनिनही असतं. या दोन्ही जंतुसंसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. तपासण्या होतात हे चांगलंच आहे. पण ताप नेमका कधी चढला, हे त्या चिठ्ठीवर जवळजवळ कधीच लिहिलेलं नसतं. त्यासाठीच हे पत्र.

माझी धाकटी बहीण भुदरगड तालुक्यात दिली आहे. गेल्या श्रावणात तिच्या दीड वर्षाच्या मुलीला पहाटे चारला ताप चढला. आठला रक्त दिलं, दहाला रिपोर्ट माझ्या व्हॉट्सॲपवर आला. सीआरपी 4. "दादा, सहाच्या आत हाय म्हंजे नॉर्मल न्हवं?" तिनं विचारलं आणि मी हो म्हणालो. रक्त ताप चढल्यावर कितव्या तासाला काढलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. दिवेलागणीला पुन्हा फोन आला. "पोरगी डोळंच उघडंना झालीया. अंग तापलंय आन् हातपाय गार पडल्यात."

कोल्हापूरला आणेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट बघितली नाही. बोटाचं टोक दाबून सोडलं, तर पांढऱ्या ठिपक्यावर लाली परत यायला चार-पाच सेकंद लागले, म्हणजे रक्ताभिसरण मंदावलं होतं. रक्तात कोणते जंतू आहेत ते बघायला कल्चरची बाटली भरून घेतली आणि लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. नंतर आलेला सीआरपी 82 होता. पोरगी अकराव्या दिवशी घरी गेली, पण त्या सकाळी मी दिलेला होकार माझ्या मनातून जात नाही.

सीआरपी करायचा म्हटलं की गावाकडच्या आजीला आजही 'सीपीआरला', म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, 'न्यायचं' असं ऐकू येतं आणि तिचा चेहरा उतरतो. मग तिला शेजारी बसवून सांगावं लागतं, की हा यकृतात तयार होणारा एक पदार्थ आहे. शरीरात जंतूंशी झुंज सुरू झाली की तो रक्तात वाढतो. पण चढायला सहा ते बारा तास घेतो आणि टोकाला पोचायला जवळपास दोन दिवस. म्हणून पहिल्या काही तासांतला कमी आकडा म्हणजे दिलासा नव्हे. प्रोकॅल्सिटोनिन त्याच्या आधी, चारेक तासांत हलतं आणि विषाणूच्या तापात सहसा खालीच राहतं. ते महाग पडतं, आणि नवजात बाळात पहिले दोन-तीन दिवस ते मुळातच वाढलेलं असतं. शरीराला रक्त-ऑक्सिजन कमी पडला की वाढणाऱ्या लॅक्टेटची गोष्ट आणखी नाजूक. दंडाचा पट्टा आवळून ठेवला, बाळानं हातपाय झाडले किंवा नमुना टेबलावर पडून राहिला, तर आकडा उगाच फुगतो.

जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयवच निकामी होऊ लागतात, त्याला सेप्सिस म्हणतात. 2024 साली मुलांच्या सेप्सिसचे नवे 'फिनिक्स' निकष जाहीर झाले. त्यांत श्वास, रक्ताभिसरण, रक्त गोठणं आणि मेंदू यांची अवस्था मोजली जाते. लॅक्टेट आणि प्लेटलेट त्यात आहेत, सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन नाहीत. या दोन तपासण्या मी रोज करतो आणि त्या मला मोलाच्याच वाटतात, कारण वाढता किंवा उतरता आकडा डॉक्टरांना वाट दाखवतो. पण सुस्त पडलेलं, दूध तोंडात न घेणारं, धाप लागलेलं, सात-आठ तास लघवी न झालेलं लेकरू समोर असताना रिपोर्टसाठी कुणी थांबू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर तेवढ्यावरच दवाखाना गाठावा. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसमुळे रक्ताभिसरण कोलमडतं तेव्हा, तासाभरात अँटिबायोटिक द्यावं, असं 2020 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गगनबावडा, चंदगड, शाहूवाडीकडच्या वाड्यांवरून इथं पोचायलाच त्याहून जास्त वेळ जातो.

म्हणून जिल्ह्यातल्या डॉक्टरांना आणि लॅबचालकांना माझी विनंती आहे. चिठ्ठीवर आणि रिपोर्टवर 'ताप सुरू झाल्याची वेळ' असा एक रकाना छापा. बारा तासांच्या आतला नमुना असेल, तर 'गरज वाटल्यास पुन्हा तपासा' एवढी ओळ खाली टाका. बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत सीआरपी सांगणारी यंत्रं आता मिळतात. ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत यावीत, पण या रकान्यासकट.

आयांना वेळ आठवत नाही, असं कुणी म्हणू नये. मी आता नमुना घेताना प्रत्येकीला विचारतो. परवा एक बाई म्हणाली, "डेअरीला दूध घालून आले तवा अंग कोमट होतं, भाकरी थापताना चटका बसाय लागला." मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलं : सकाळी 7 ते 8.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, कोल्हापूर