रविवारी दुपारी दोन वाजता माणूस पाठवा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

मी मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या रिपीटर बॅचमधली, म्हणजे परीक्षा पुन्हा देणारी मुलगी. मुक्काम पुण्यात, सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एक खाट भाड्याने. या पेठांमधल्या अभ्यासिका एमपीएससीवाल्या दादा-ताईंच्या म्हणून ओळखल्या जातात. त्यांची आंदोलनं होतात, बातम्या येतात. आम्ही त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसतो. पण आमच्यातल्या निम्म्या जणांचं अजून मतदार यादीत नावच नाही, म्हणून बहुधा आमच्याकडे कुणी फिरकत नाही. (टोमणाच आहे, गैरसमज नसावा.)

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, दिवसाला पाच तासांच्या वर शिकवणं नको, आठवड्याला एक सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको. हे ज्याने कुणी लिहिलं, त्याच्या घरात नक्की एखादा नीटवाला असणार.

आता आमचा रविवार ऐका. टेस्ट दुपारी दोन ते पाच, कारण खरी नीटही त्याच वेळेत असते. १८० प्रश्न, ७२० मार्क, उत्तर चुकलं की एक मार्क कापला. मेसमध्ये आठवड्यातून एकदाच फीस्ट असते, तीही रविवारी दुपारी. मसालेभात, पुऱ्या, श्रीखंड नाहीतर गुलाबजाम. बारा वाजता ताट समोर येतं आणि आम्ही दोन पुऱ्यांवर हात आखडतो, कारण पोटभर जेवलं की फिजिक्सला डुलक्या येतात. मेसच्या काकू वैतागतात, ‘अगं, पैसे भरलेत ना? मग खा की!’ रात्री मेस बंद. आन्सर की आली की अभ्यासिकेच्या जिन्यात वडापाव खात मार्क मोजायचे. सोमवारी सकाळी रँक लागते आणि रँकवरून कोण कुठल्या बॅचला बसणार ते ठरतं. ही आमची साप्ताहिक सुट्टी. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, ‘रविवारी लेक्चर कुठे असतं?’

पाच तासांचंही तसंच. लेक्चर पाचच तास, त्यानंतरची ‘डाउट सेशन’ आणि सक्तीची ‘सेल्फ स्टडी’ कुणी धरत नाही. आठवीपासूनच्या फाउंडेशन बॅचच्या जाहिराती तर रिक्षांच्या पाठीवर असतात. आठवीतलं मूल सोळा वर्षांचं कधीपासून झालं?

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते फीबद्दल. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या वडिलांनी एकरकमी भरलं तर सवलत मिळेल म्हणून वर्षाची फी एकदम भरली. पोरगी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. शिकवणं भरधाव, सगळं इंग्रजीत. पहिल्या महिन्यातच तिने घरी सांगितलं की हे मला झेपत नाही, मी गावी राहून अभ्यास करते. वडील तयार होते. सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की कोर्स मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात दहा दिवसांत परत करायची, क्लासचंच हॉस्टेल असेल तर त्याचे आणि मेसचेही पैसे द्यायचे. तिने अर्ज केला. काउंटरवरच्या मॅडमनी पावती उलटी करून दाखवली. मागे छापलं होतं, ‘एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ विषय संपला. आता ती पुण्यातच आहे. अभ्यास व्हावा म्हणून नाही, पैसे बुडू नयेत म्हणून. रोज शेवटच्या बाकावर बसून येते आणि घरी फोनवर ‘चांगलं चाललंय’ म्हणते.

क्लासेस खासगी आहेत, आमचा काय संबंध, असं म्हणाल. मग थेट तुमच्या खात्याचं सांगते. माझी अकरावी-बारावी ‘टाय-अप’ कॉलेजात झाली. हजेरी कॉलेजात लागायची, आम्ही दिवसभर क्लासमध्ये असायचो. शाळा-कॉलेजच्या वेळेत क्लास घ्यायचे नाहीत, हेही त्याच सूचनांमध्ये आहे. बायोलॉजीचं जर्नल आम्ही एकमेकींचं बघून उतरवलं. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन, सगळ्या अवस्था तोंडपाठ, आकृत्या सुबक. पण मायक्रोस्कोपला डोळा लावला तो थेट बोर्डाच्या प्रॅक्टिकलला, आणि फोकस कसा करायचा ते शेजारच्या मुलाने खुणेने सांगितलं. आमच्यातलेच काही जण उद्या बी. जे. मेडिकलला जातील आणि ससूनमध्ये पेशंट तपासतील. त्या कॉलेजात शिकवायला चांगले सर होते म्हणे. आमची कधी गाठच पडली नाही.

सरकारी सीट कमी, मुलं लाखांनी, तेव्हा चुरस राहणारच, हे आम्हाला कळतं. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले, पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेही आम्ही पाहिलं. पण पेपर एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था काढते, तिथे तुमचा हात पोचत नाही. क्लासेसपर्यंत मात्र नक्की पोचतो. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना क्लासेसच्या नोंदणीचे नियम दोन महिन्यांत करायला सांगितलं. आमच्या क्लासच्या दारावर टॉपर्सचे फोटो पुरुषभर उंचीचे आहेत, नोंदणी क्रमांक मला तरी कुठे दिसला नाही.

तपासणीला माणूस पाठवाल तर कृपा करून मंगळवारी सकाळी, आधी फोन करून पाठवू नका. रविवारी दोन वाजता पाठवा. आणि टाय-अप कॉलेजांमध्ये बारावीच्या हजेरीपटावरची नावं बाकांवरच्या मुलांशी ताडून बघायला सांगा.

फीचं काम त्याहून सोपं आहे. नीटचा निकाल लागला की रिपीटर बॅचचे प्रवेश धडाक्यात सुरू होतात. त्याआधी एक शासन निर्णय काढा. प्रत्येक क्लासच्या पावतीवर फी परतीचा नियम मराठीत छापलेला असावा आणि पैसे अडकले तर जिल्ह्यात कुणाकडे जायचं, त्या अधिकाऱ्याचं पद आणि फोन नंबरही असावा. मैत्रिणीच्या अर्जाची आणि पावतीच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, तिला विचारूनच, आपल्या कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

आपली विश्वासू,
एक रिपीटर, सदाशिव पेठ, पुणे