मंत्री महोदय, तुमच्या डॅशबोर्डवर मी नोकरीला लागले आहे

प्रति,
मा. कौशल्य विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी रावेर तालुक्यातली, बीसीए झालेली मुलगी. एका शासनमान्य केंद्रातून 'आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंट'चा तीन महिन्यांचा मोफत अभ्यासक्रम मी पूर्ण केला. गेल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. "मॅडम, तुम्ही जळगावला प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून कामाला आहात ना?" मी म्हटलं, मी घरी आहे, भाकरी टाकतेय. त्या म्हणाल्या, "रेकॉर्डला तसं आहे. नुसतं हो म्हणा, माझा कॉल क्लोज होईल." मी हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलेला पत्ता शोधत भाऊ जळगावला गेला, तर तिथे मोबाइलच्या काचा बदलून देणारं दुकान. दुकानदाराला माझं नाव माहीत नाही. पगारही माहीत नसणार, नाहीतर पहिल्या तारखेला मीच जाऊन बसले असते.

आपल्या वेळेची किंमत मला कळते, म्हणून आधी मागणी लिहिते. माझ्या नावापुढची ही खोटी नोंद काढून टाकावी आणि त्या केंद्राची चौकशी व्हावी. पत्र खरं तर इथेच संपायला हवं होतं. पण राग आवरत नाही, साहेब.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये एक साधी पद्धत आहे. प्रत्येक कामापुढे रंग लावायचा: वेळेवर असेल तर हिरवा, अडचण दिसू लागली तर पिवळा, फसलं तर लाल. या विद्येचा निम्मा जीव त्या लाल रंगात आहे. लाल आहे ते लाल म्हणून वरच्याला वेळेवर सांगता आलं, तर माणूस मॅनेजर. आणि जे केंद्र हे शिकवतं, त्यानं मलाच हिरवा रंग फासून वर पाठवून दिलं.

आता त्या तीन महिन्यांत काय शिकवलं ते ऐका. इनिशिएटिंग, प्लॅनिंग, एक्झिक्युटिंग, मॉनिटरिंग अँड कंट्रोलिंग, क्लोजिंग. प्रकल्प सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंतच्या कामांचे हे पाच शब्द आम्ही शाळेतल्या प्रार्थनेसारखे म्हणायचो. स्क्रम ही काम छोट्या टप्प्यांत करून घ्यायची पद्धत, पण आम्हाला शिकवलं ते एवढंच: स्क्रम म्हणजे रोज १५ मिनिटांची बैठक. बैठक आम्हीही घ्यायचो, पण बोलायला कामच नव्हतं, म्हणून हजेरी व्हायची. कुणाकडे कुठलं काम आहे याची नोंद ठेवणाऱ्या 'जिरा' या सॉफ्टवेअरची १० जणांपर्यंत फुकट मिळणारी आवृत्ती आहे, ती एकदाही उघडून दाखवली नाही, कारण इंटरनेटचं बिल थकलेलं. सर सकाळी टॅली शिकवायचे, दुपारी आम्हाला. काम मागे पडलं तर काय करायचं, असं एकीनं विचारलं. सर म्हणाले, "माणसं वाढवायची." आयबीएम कंपनीत ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम हाताळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच याच्या नेमकं उलट लिहून ठेवलंय. आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी लांबतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. हे मला नंतर यूट्यूबवर कळलं. सरांवर माझा राग नाही. त्यांचंही मानधन थकलेलंच होतं.

मग मी पुण्याला गेले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, मागची सीट. पीजीत चौघींत एक खोली. आईनं मोडलेल्या कानातल्यांचे पैसे डिपॉझिटमध्ये गेले. हिंजवडीत एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, "टीममध्ये तिघं आहेत, एक आजारी पडलाय, क्लायंटनं तारीख आठ दिवस अलीकडे आणलीय. तुम्ही काय सोडाल?" मी पाच शब्द म्हणून दाखवले. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "प्रमाणपत्र नको, एखादं काम सांगा, कितीही लहान, जे तुम्ही तारखेला पूर्ण करून दिलंय," असं म्हणाल्या. मी गप्प.

उत्तर आमच्या घरातच होतं. वडील केळीच्या कापणीचे मुकादम. व्यापारी रात्री फोन करतो, "भो, उद्या दोन गाड्या भरून पाहिजेत." मजूर किती येणार, कुठल्या मळ्यातला घड कापणीला आलाय, रस्त्यात चिखल किती, हे पाहून वडील सांगतात, "एक भरून देतो. दुसरी परवा." व्यापारी शिव्या घालतो, पण पुन्हा फोन त्यांनाच करतो. काय सोडायचं आणि ते आधी कोणाला सांगायचं, हे त्यांना येतं. मला तीन महिन्यांत हे कुणी शिकवलं नाही, कारण शिकवायला हातात खरं काम लागतं आणि समोर चिडणारं खरं गिऱ्हाईक लागतं.

'प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट' या अमेरिकी संस्थेची, जगात मान असलेली पीएमपीची परीक्षा द्यायची, तर पदवी घेतलेल्याला ३६ महिने प्रत्यक्ष प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. आमच्याकडे तीन महिन्यांत 'मॅनेजर'. नवख्यांसाठी तीच संस्था सीएपीएम नावाची परीक्षा घेते. तिला बारावी आणि २३ तासांचं शिक्षण पुरतं. फी डॉलरमध्ये आहे, ती आमच्यासारख्यांना झेपत नाही. बॅनर, फेटे आणि हार यांतून उरलं तर ती फी भरा ना! पण ती परीक्षा खरी असते, नापास होता येतं. तुमच्या यंत्रणेला नापास होणारी माणसं चालत नाहीत.

यंत्रणा म्हटलं की मग सगळंच बाहेर येतं. २०१७ साल आठवा. मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायचं ठरवलं, तेही एकदम सगळ्या शाखांना. सतरा लाखांवर उत्तरपत्रिका. राज्यपालांनी घातलेली ३१ जुलैची मुदत हुकली, पोरांचे पुढचे प्रवेश लटकले, ऑक्टोबरात कुलगुरूंना जावं लागलं. त्याच वर्षी कर्जमाफी. ८९ लाख शेतकरी, ३४ हजार कोटी, जूनमध्ये घोषणा आणि दिवाळीत वाटप. नवरा-बायकोनं जोडीनं अंगठे द्यायला सेवा केंद्रांसमोर रांगा लावल्या. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटून झाली आणि मग याद्यांमधला घोळ उघडा पडला, एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावं. दोन्हीकडे कुणीतरी खालचा माणूस असणारच, ज्याला तारीख जमणार नाही हे दिसत होतं. त्यानं सांगितलं नाही, किंवा सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही. परदेशी पुस्तकांची गरज काय, हीच दोन प्रकरणं वर्गात शिकवा. पण शिकवणार कोण? वर फाइल जाते ती हिरवीच.

माझ्या केंद्रापुरतं हे असतं तरी मी गप्प बसले असते. केंद्र सरकारच्या मोठ्या कौशल्य योजनेचं कॅगनं लेखापरीक्षण केलं, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्यं, 'नल' किंवा नुसती मोकळी जागा सापडली. नव्वद टक्के! आमच्या गावच्या भिशीच्या वहीत एवढं सापडलं असतं तर भिशी चालवणाऱ्या काकूंना गाव सोडावं लागलं असतं. १९ ऑक्टोबर २०२३ ला राज्यात एकाच दिवशी ५११ ग्रामीण कौशल्य केंद्रांचं उद्घाटन झालं. त्यांतल्या किती खोल्या आज उघड्या आहेत, ते तालुकावार छापाल का?

आणि खान्देशाचं काय? १९९० पर्यंत इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. मग विद्यापीठ जळगावला आलं, बहिणाबाईंचं नावही लागलं. नोकऱ्या मात्र पुण्यातच राहिल्या. धुळ्या-नंदुरबारची पोरं सुरतेला, आमची हिंजवडीला. केळी ट्रकनं जाते, पोरं ट्रॅव्हल्सनं. केळीला निदान भाव तरी निघतो.

खरं काम इथे नाही असं नका सांगू. बाजार समितीची आवक-जावक अजून वहीत आहे. ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीचा हिशेब कुणालाच लागत नाही. पाच पोरांना असं एक काम द्या, ज्यानं पुण्यात दहा प्रकल्प पार पाडलेत असा एक माणूस महिन्यातून दोनदा ऑनलाइन त्यांच्या देखरेखीला बसवा, आणि केंद्राचा शेवटचा हप्ता सरपंच म्हणेल की "हो, चालतंय" तेव्हाच सोडा. काम फसलं तर फसलं असं लिहा. मला मुलाखतीत सांगायला तेवढं पुरलं असतं.

'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' हा मेसेज मात्र पाठवू नका. तो आलाय आधीच.

त्या केंद्राच्या नव्या बॅचचे प्रवेश सुरू झालेत, बसस्टँडवर फ्लेक्स लागलाय. चौकशीला माणूस पाठवाल तर आधी कळवू नका, आणि दुपारी पाठवा. सकाळी टॅलीची पोरं असतात, ती मोजून जाल.

आपली,
एक प्रशिक्षणार्थी
(रेकॉर्डप्रमाणे प्रोजेक्ट असिस्टंट)
ता. रावेर, जि. जळगाव