‘गोळी बंद ठेवा’, पण कोणती?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोलोनोस्कोपीची (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीची) तारीख ठरली की हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) बसवलेल्या रुग्णाला बऱ्याचदा एवढेच सांगितले जाते: ‘रक्त पातळ करणारी गोळी सात दिवस बंद ठेवा.’ कोणती, ते नाही. घोटाळा इथेच होतो. आपल्याकडे रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन ७५ व क्लोपिडोग्रेल ७५ आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे ॲटोर्व्हास्टॅटिन ही तिन्ही औषधे एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतात. ती कॅप्सूल थांबवली की ॲस्पिरिनही थांबते आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्यापासूनचे संरक्षण जाते. क्लोपिडोग्रेल थांबवले तरी ॲस्पिरिन चालूच हवे. म्हणून स्ट्रिपवरचे घटक वाचावेत आणि तेवढ्या दिवसांसाठी ॲस्पिरिन व ॲटोर्व्हास्टॅटिन सुटे लिहून द्यावे. हे काम रुग्णावर सोडणे धोक्याचे आहे.

मुळात दरवेळी औषध थांबवावे लागतच नाही. दुर्बिणीतून नुसते पाहणे आणि बायोप्सीसाठी चिमट्याने तुकडा घेणे ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असतानाही करता येते. मोठा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची वाढ) काढायचा असेल किंवा ईआरसीपीत (पित्तनलिकेच्या दुर्बीण-प्रक्रियेत) पित्तनलिकेचे तोंड कापायचे असेल, तेव्हा मात्र विचार करावा लागतो. क्लोपिडोग्रेल आणि त्याच गटातले प्रासुग्रेल प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कायमच्या निकामी करतात. शरीर रोज साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या नव्या प्लेटलेट तयार करते, म्हणून ही औषधे पाच ते सात दिवस आधी थांबवतात. याच कामाच्या टिकाग्रेलॉर या औषधाचा असर लवकर उतरतो. तिथे सहसा तीन ते पाच दिवस पुरतात.

स्टेंट बसून सहा महिने झाले नसतील, किंवा हार्ट अटॅकला वर्ष झाले नसेल, तर घाई नसलेला पॉलिप थांबू शकतो. तारीख पुढे ढकलावी. रक्त जात असेल किंवा कर्करोगाची शंका असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच ठरवावे. रुग्णाने आपल्या मनाने एकही गोळी सोडू नये.

सर्वात दुर्लक्षित राहते ते औषध पुन्हा सुरू करणे. रक्तस्राव नसेल तर सहसा एक-दोन दिवसांत क्लोपिडोग्रेल सुरू करतात. रोजच्या ७५ मिलिग्रॅमने पूर्ण असर यायला काही दिवस लागतात, त्यामुळे उशीर दुप्पट महागात पडतो. डिस्चार्ज कार्डावर ‘अमुक तारखेला रात्री सुरू’ असे ठळक लिहिलेले हवे. पॉलिप काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत रक्त जाऊ शकते. शौचातून रक्त गेले किंवा शौच डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

– पोटविकार विभागातील डॉक्टर, पुणे